अडतीच्या चौकाचं आवतन

माझी माय दिवसभर पाण्याशेजारी बसायची आणि पाणी प्यायची नाही.

लातूरच्या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानांची एक ओळ आहे. त्या ओळीत एक मोठं लाकडी दार होतं, कायम बंद. त्या दाराला पाठ लावून माय सुपं, टोपल्या आणि दुरड्या विकायची. गिऱ्हाईक नसलं की तिथंच बसून विणायची. बांबूच्या कामट्या उन्हानं कोरड्या पडल्या की वळवताना कटकन मोडतात, म्हणून जवळ पाण्याची बादली. ओंजळभर घ्यायचं, कामट्यांवर शिंपडायचं, वर ओलं फडकं टाकायचं. कामट्यांना पाणी मिळायचं. मायला सकाळी घरून निघताना एक कप चहा आणि संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तांब्या, तोही उभ्यानं.

कारण सगळ्या बाजाराला ठाऊक होतं आणि तोंडानं कोणीच बोलत नव्हतं. बायांना जायला जागा नव्हती. पुरुष कुठल्याही भिंतीला उभे राहतात, दुकानदारांच्या माड्यांवर सोय असते. रस्त्यावर बसणाऱ्या बाईनं काय करायचं? तिनं पाणीच प्यायचं नाही. माय, बांगड्यांचा हातगाडा लावणारी खाला, भाजीवाल्या, झाडूवाल्या, सगळ्यांचा हाच हिशोब.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. केलं, पुढं समाजकार्यही शिकले. हे मी सांगते, लपवत नाही. कोणाला मिरवल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. टोपल्यांवर शिकलेली आहे. पण एक गोष्ट टोचते. परीक्षेत ‘महिला आणि सार्वजनिक आरोग्य’ या प्रश्नावर मी चार पानं लिहिली होती, चांगले गुण पडले. त्या दिवशीही माय दाराला टेकून कोरड्या घशानं बसलेली असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

डोक्यात आलं ते तिला दुसऱ्यांदा मूतखडा झाला तेव्हा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मावशी, पाणी किती पिता?”

“पिते की.”

“खरं सांगा.”

“बाजारात बसते ओ मी,” माय म्हणाली. जणू एवढ्यात सगळं आलं.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं असावं. त्यांनी तपासणीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, “किडनीला सूज आहे. पाणी पिणार नसाल तर बाजारात बसणं सोडा. दोन्हीतलं एकच होईल.”

घरी आल्यावर माय चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “बसणं सोडलं तर घरात मरते. पाणी पिलं तर बाजारात लाजंनं मरते. कंचं मरण बरं, तू सांग. शिकलेली हायस.”

तेव्हा मी एका सरकारी योजनेत कंत्राटावर समूह संघटक होते. म्हणजे बायांचे बचत गट बांधायचे, रस्त्यावर विकणाऱ्यांच्या याद्या करायच्या. जुन्या बाजाराची यादी माझ्याकडं आली. कोण कुठं बसतं याचा नकाशा काढायचा होता, म्हणून वरून फोटो घ्यावा असं ठरवलं आणि दाराशेजारच्या कापड दुकानदाराला विचारलं. सत्तरी ओलांडलेले लिंगायत व्यापारी, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणतो, मीही म्हणते. ते गादीवरून न हलता म्हणाले, “जा की गच्चीवर. जिना अंधारा हाय, बघून जा.”

गच्चीवरून मी रस्त्याचा फोटो घेतला आणि सहज मागं वळले. खाली दुकानांच्या चार पाठींच्या मधोमध एक भलं मोठं चौकोनी आवार होतं, जुन्या वाड्याच्या चौकासारखं. दगडी फरशी, मध्ये लिंबाचं जुनं झाड, एका कोपऱ्यात आड. बाकी सगळा उकिरडा. पुठ्ठे, थर्माकोल, पिशव्यांचे ढीग आणि लिंबाखाली दुकानांतले मोडके पुतळे, कोणाला हात नाही, कोणाला मुंडकं नाही. रस्त्याकडच्या भिंतीत ते लाकडी दार. आतून कोळ्यांची जाळी धरलेली. त्याच्या पलीकडं माझ्या मायची पाठ होती. इतकी वर्षं ती एवढ्या गार सावलीकडं पाठ करून उन्हात बसत होती.

खाली येऊन मी आप्पांना विचारलं, हे काय आहे?

“अडत होती ती,” आप्पा म्हणाले. “खेड्यांतून धान्याच्या गाड्या यायच्या. त्या दारातून आत. बैलं लिंबाखाली सोडायची, आडाचं पाणी डोणीत काढून पाजायचं. मग बाजार गावाबाहेर गेला, आमी दार लावून घेतलं. चौघांची सामाईक जागा. चौघांची असली की कोणाचीच नसती. किल्ली माझ्याकडं हाय, निस्तं वयानं मोठा म्हणून.”

“बैलांना पाणी मिळत होतं इथं?”

“हाव, मग? मुका जीव तो. बोलता येत न्हाई त्याला.”

“माझी माय पण काही बोलत नाही, आप्पा.”

हे मी ठरवून बोलले नाही, तोंडातून निघून गेलं. आप्पांनी दुकानाबाहेर बघितलं. पायरीच्या कडेला मायच्या सुपांची चळत दिसत होती. त्यांनी कापडाचा तागा उगीच उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. मी नमस्कार करून निघाले.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, नाहीतर हे खोटं होईल. आप्पांच्या वडलांच्या काळात आम्हा टोपल्या विणणाऱ्यांना या दुकानाच्या पायरीला हात लावायची सोय नव्हती. माय सून म्हणून आली तेव्हाची गोष्ट. सूप विकलं तर ते जमिनीवर ठेवायचं, मग दुकानवाल्यांनी उचलायचं. मी ते विसरलेले नाही. म्हणूनच पुढं जे झालं त्याचं मला जास्त अप्रूप आहे.

दोन दिवसांनी आप्पांनी मला बोलावलं. आवार बाजारातल्या बायांना उघडून द्यायचं, असं त्यांनी बाकीच्या तिघा मालकांशी बोलणं केलं होतं. एकजण म्हणाला होता, “आप्पा, आज बसू द्या म्हणतेत, उद्या मालकी सांगतेत.” त्यावर आप्पांनी विचारलं होतं, “एवढी वर्षं गाड्या सोडल्या इथं. कोण्या बैलानं मालकी सांगितली का तुमाला?” हे मला सांगताना ते स्वतःच हसले. तिघांच्या सह्या झालेला कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि वर किल्ली. वीतभर लांब, गंजलेली.

योजनेतून दोन संडास, टाकी आणि नळ मंजूर झाले. सफाईला चार दिवस लागले. लोक हात-पाय तुटलेले पुतळे खांद्यावर टाकून बाहेर काढायला लागले तशी माय बाजूला सरकून म्हणाली, “अगं माय, एवढे मुडदे! माझ्या पाठीमागंच होते का गं हे?” बाजार हसला. दार उघडं राहणार म्हणून तिचं बसणं हातभर बाजूला गेलं, भिंतीला. त्याबद्दल तिला मी विचारलंही नाही.

बांधकाम झालं, दाराला निळा रंग दिला. वर मी स्वतः मजकूर लिहून बोर्ड लावला: ‘सर्वांसाठी खुले. महिला, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, सर्वांचे स्वागत.’ उंबऱ्याबाहेर सडा टाकला, मोठी रांगोळी काढली. अहवालासाठी फोटो काढले. मला वाटलं, झालं.

कोणीही आलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, कळलं नसेल. तिसऱ्या दिवशी मी दाराजवळ उभी राहून बघितलं. भाजीवाली आली, रांगोळीपाशी चप्पल काढली, आत डोकावली, लिंबाला हात जोडले आणि गेली. तिला वाटलं देऊळ झालंय. खाला दुरूनच म्हणाली, “किसका फंक्शन है बेटा?” मी म्हटलं, कोणाचं नाही, तुमच्यासाठीच आहे. ती “हाव हाव” म्हणाली आणि हातगाड्याकडं वळली. आठवडा झाला. दोन नवे कोरे संडास, त्यांच्या कड्यासुद्धा कोणी वाजवल्या नाहीत. आणि माझी माय, दारापासून हातभर अंतरावर, तशीच कोरडी.

रात्री घरी मी चिडले. “निदान तू तरी आधी जायचंस! तुझ्यासाठी केलं सगळं.”

“मला कोण या म्हटलं?”

“एवढा मोठा बोर्ड लावलाय!”

“बोर्डाला तोंड हाय का?” माय भाकरी थापत म्हणाली. “मला वाचता येत न्हाई, आन् जिला येतंय ती तरी गेली का? मोठ्या लोकांचं दार, नवा रंग, रांगोळी. आवतन न्हाई, बलावणं न्हाई. बिनआवतनाचं कोण शिरतंय दुसऱ्याच्या दारात?”

मी तिच्या थापणाऱ्या हातांकडं बघत राहिले. एवढी साधी गोष्ट. आमच्याकडं लग्नाची पत्रिका कितीही चकचकीत छापा. घरचं माणूस दारात येऊन, हातावर कुंकवाच्या अक्षता ठेवून, “या बरं का,” म्हणत नाही तोवर कोणी ते आवतन धरत नाही. पत्रिका आली म्हणून लग्नाला गेलेल्या माणसाला पुढं वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. हे मला पाळण्यापासून ठाऊक. आणि मी शहाणीनं काय केलं होतं? छापील पत्रिका दारावर लटकवून आत पंगत वाढून बसले होते.

“मग मी उद्या सगळ्यांना सांगते,” मी म्हटलं.

“तू कोण? तुझं दार हाय का ते?” माय म्हणाली. “ज्याचं दार, त्यानं बलवावं.”

आप्पांना हे सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही. गादीवरून उतरून बाजारात भुईवर बसलेल्या बायांना आवतन द्या, असं सत्तरीच्या माणसाला कसं म्हणायचं? शेवटी म्हटलंच. आप्पांनी चष्मा काढला.

“मी? अक्षता घेऊन?”

“हो आप्पा.”

“बरोबर हाय ओ,” ते म्हणाले. “आपण दार उघडलं, पर या म्हटलंच न्हाई कोणाला. चूक झाली.” मग माडीच्या जिन्याकडं तोंड करून सुनेला हाक मारली. “तांदूळ काढ गं, अक्षता करायच्यात.”

वरून आवाज आला, “कोणाचं लगीन हो आप्पा?”

“बाजाराचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ताट घेऊन निघाले. मी मागं. रस्त्यावर बसणाऱ्या बाईला आवतन द्यायचं तर वाकावं लागतं. दोघींपाशी ते वाकले, तिसरीपाशी गुडघा कुरकुरला, तेव्हा सरळ उकिडवे बसले. धोतराचा काठ भाजीच्या पाल्यात. हातावर चिमूटभर अक्षता ठेवायचे आणि म्हणायचे, “घरची चूल बंद ठेवून जेवायला यायचं चूलबंद आवतन न्हाई बरं का. निस्तं बसायचं आवतन हाय. उद्या बारा वाजता. सावली हाय, पाणी हाय, संडास हाय. लाजू नका.”

संडास हा शब्द भर बाजारात आप्पांसारख्या माणसानं मोठ्यानं उच्चारला आणि सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “आप्पा, ह्याचंबी आवतन असतंय व्हय?” आप्पा म्हणाले, “आजपासून असतंय.” इतकी वर्षं ज्या गोष्टीवर अख्खा बाजार मुका होता, ती त्यांनी भाजीच्या भावासारखी बोलून टाकली. मला हे कधीच जमलं नसतं. माझ्याकडं त्याला ‘स्वच्छतागृह’ असा शब्द होता.

खालानं ओढणीच्या टोकात अक्षता बांधून घेतल्या. “मेरेकू बी?” “तुला कामून न्हाई?” रस्ता झाडणाऱ्या दोघी होत्या, त्यांनी झाडू आधी भिंतीआड ठेवले, मग आल्या. आणि शेवटी माय. ती दुरडी विणत होती. आप्पा समोर बसलेले बघून ती गडबडीनं उठायला लागली, मग तिनं पदर पसरला. वरून टाका म्हणून. सून म्हणून आली तेव्हापासूनची सवय.

“पदर न्हाई,” आप्पा म्हणाले. “हात.”

मायचे हात बादलीतल्या पाण्यानं ओले होते. ते तिनं लुगड्याला पुसायच्या आत आप्पांनी एका तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि वरून आपला हात दाबला. कुंकू ओलं झालं, दोघांच्याही हाताला लागलं. “या,” ते म्हणाले. आप्पा पुढं गेल्यावर कितीतरी वेळ ती तळवा तसाच उघडा धरून बसली होती. विणायला दोन्ही हात लागतात, हे तिच्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला सगळ्या आल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. दारात आप्पा उभे, प्रत्येकीला “या, या.” आत रांजण भरलेला, लिंबाखाली सतरंज्या. तेवढ्यात तीनचाकी सायकलवाला आला. तो छत्र्या आणि लायटर दुरुस्त करतो, दोन्ही पायांनी अधू. त्यालाही अक्षता मिळाल्या होत्या. उंबऱ्यापाशी येऊन थांबला. उंबरा वीतभर उंच, काळा दगड.

“आप्पा,” तो म्हणाला, “आवतन मला दिलं, माझ्या गाडीला न्हाई दिलं.”

हशा पिकला, पण मी हसू शकले नाही. बोर्डावर ‘दिव्यांग’ हा शब्द मीच रंगवून घेतला होता. त्या शब्दाखाली वीतभर दगड आहे हे मला दिसलं नव्हतं. चौघांनी त्याला गाडीसकट उचलून आत घेतलं. आप्पा उंबऱ्याकडं बघत राहिले. “माझ्या आईनं पुजलेला हाय हा,” म्हणाले. मग, “काढू. आडापाशी बसवू. पुजायचा तर तिथंबी पुजता येतोय.” आठवड्याच्या आत गवंड्यानं उंबरा काढून जागा सपाट केली. आता त्या दगडावर बाया पाय सोडून बसतात. कोणी दर सोमवारी त्याला हळदकुंकू लावून जातं. कोण लावतं ते आप्पा सांगत नाहीत.

हे सगळं झालं. चौक भरायला लागला, संडासाच्या कड्या वाजायला लागल्या. आणि माय? ती बाराला आत यायची, सगळ्यांत मिसळून भाकरी खायची, नवी बाई दारात घुटमळली तर “ये माय, आत ये,” म्हणायची. ते काम तिनं आपणहून घेतलं होतं. आप्पा रोज थोडेच दारात उभे राहणार. पण पाणी? भाकरीवर दोन घोट, बस. मी म्हटलं की, “आता सवय मोडत न्हाई गं. तहान लागतच न्हाई मला.” दवाखान्याची तारीख जवळ येत होती. ज्या एका माणसापायी हे सगळं सुरू झालं होतं, तेच माणूस सोडून सगळ्यांना ते मिळालं होतं.

मग एका दुपारी एक पोरगी दुरडी घ्यायला आली. सातवा महिना असेल. किल्लारीहून जीपनं आलेली, दिराच्या लग्नाच्या खरेदीला. घरचे भांड्यांच्या दुकानात, ही एकटी इकडं. दुरडी हातात घेतली आणि भिंतीला हात टेकला. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. मायनं तिला धरून आत आणलं, लिंबाखाली बसवलं, रांजणातून तांब्या भरून समोर धरला. मी तिथंच कागद भरत बसले होते.

“नको मावशी,” पोरगी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “परत जीपनं जायचंय. पाणी पिलं की मधी उतरायची पंचाईत. सवय हाय मला.”

माय तांब्या धरून तशीच उभी राहिली. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस कसं दिसतं ते मी तेव्हा बघितलं. ती त्या पोरीकडं बघत होती, पोरीच्या पोटाकडं बघत होती.

मग तिनं तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला. वरून धार धरून, न थांबता, सगळा संपेपर्यंत प्याली. पदरानं तोंड पुसलं. रिकामा तांब्या पोरीच्या मांडीवर ठेवून सरळ कोपऱ्याकडं गेली. कडी लागली. नळ वाजला. कडी उघडली. हात धुऊन, ते झटकत ती परत आली, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

“हाय सोय,” माय म्हणाली. “मी जाऊन आले. तूबी जायचं, मग जीपमदी बसायचं. पी आता.”

तिनं तांब्या भरून दिला. पोरगी प्याली. आधी घोट घोट, मग घटाघटा.

माझ्याकडं बघून माय म्हणाली, “काय बघायलीस? बाहेर माझ्या दुरड्यांपाशी कोण हाय?”

मी उठून बाहेर गेले, तिच्या जागेवर बसले. कामट्या उन्हानं कोरड्या पडायला लागल्या होत्या; मी बादलीतून ओंजळ भरून त्यांच्यावर शिंपडली. आतून रांजणात पुन्हा तांब्या बुडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मायचं, “थांब, ह्यो माझा.”